गोळ्याचे तुकडे किती

कंपाउंडर निवृत्त झाले, तरी त्यांचं मोजमाप काही सुटलं नव्हतं. चाळीस वर्षं दवाखान्यात औषधं तोलून दिलेला माणूस, चहातली साखरसुद्धा चमचा सपाट करून घालायचा. त्यामुळे स्वतःच्या हाताने मातीचं घर बांधायचं ठरल्यावर त्यांनी आधी माती तपासायला घेतली, यात कुणालाच नवल वाटलं नाही.

पद्धत सोपी होती. भिंत उभी करायची म्हणजे लाकडी साच्यात ओलसर माती भरून ती धुमस या जड ठोकणीने ठोकायची. ओल बरोबर आहे का हे बघायला मुठीत गोळा दाबायचा आणि खांद्याच्या उंचीवरून फळीवर सोडायचा. अख्खा राहिला तर पाणी जास्त, भुगा झाला तर कमी, चार-पाच तुकडे झाले तर माती झकास.

पहिल्या दिवशी चार तुकडे झाले. पुढचे आठ दिवस रोज चारच.

"आपण चौघं ना, म्हणून," बायको म्हणाली. "माणसं मोजतेय ती."

मुलगा आणि सून खो खो हसले. कंपाउंडरांनी मात्र मुलाला कुंपणाबाहेर पिटाळलं आणि त्याच मातीचा गोळा टाकला. तीन. गवंडी भावाला घेऊन आला, तेव्हा सहा. मग काय, खेळच झाला. येईल त्याला कुंपणाच्या आत-बाहेर नाचवायचं आणि तुकडे मोजायचे. कंपाउंडरांनी वहीत आकडे लिहिले, कारणाचा रकाना कोरा ठेवला.

आणि एके सकाळी, चौघंच असताना, पाच झाले.

"चुकली बिचारी," मुलगा म्हणाला.

सून फळीकडे बघत राहिली. मग पदरात तोंड लपवून म्हणाली, "नाही चुकली. मी आज संध्याकाळी सांगणारच होते."

लग्नाला आठ वर्षं झाली होती. सासूने सुनेला मातीच्या हातांनीच मिठी मारली, मुलगा साच्यावर चढून नाचला आणि कंपाउंडरांनी आयुष्यात पहिल्यांदा न मोजता चहात साखर ओतली. पूर्वेची खोली बाळाची, आणि तिची भिंत आपण ठोकायची, हे त्यांनी तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं.

त्या भिंतीचा मुहूर्त महिनाभराने लागला. साचा तयार होता, चौघं जमले होते. कंपाउंडरांनी गोळा सोडला.

चार.

सुनेचा हात पोटावर गेला.

"सगळे बाहेर व्हा," कंपाउंडर म्हणाले. "एकेकाने आत यायचं नि स्वतः गोळा टाकायचा. आधी सून."

तिघं कुंपणाला धरून उभे राहिले. सुनेचा गोळा पडला.

"दोन!" ती ओरडली. "आहोत, दोघं आहोत!"

सासू रडता रडता हसायला लागली. तिचा गोळा अख्खा राहिला. मुलाचाही अख्खा.

"म्हणजे चार झाले, बाबा धरले की पाच," मुलगा म्हणाला. "मग अडलंय कुठे?"

तेवढ्यात गवंड्याने धुमस आणल्याची हाक रस्त्यावरून दिली आणि तिघंही हसत-बोलत ती उतरवायला धावले.

कंपाउंडर एकटेच आत आले. माती तीच, ओल तीच. त्यांनी मूठ घट्ट दाबली, हात खांद्याशी नेला आणि सोडला.

आवाज झाला नाही.

फळीवर भुगा पडला होता. खलात घोटलेल्या पुडीसारखा, बारीक आणि कोरडा.

"बाबा, तुमचं काय?" सुनेने लांबूनच विचारलं.

त्यांनी फुंकर मारली. फळी स्वच्छ झाली.

"अख्खा!" ते हसून ओरडले. "आणा ती धुमस लवकर."

पहिला थर त्यांनी एकट्याने ठोकला. धापा टाकत होते, तरी तोंडभर हसत होते.

"काय ही घाई!" बायको म्हणाली. "उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग. बाळाला अजून सात महिने आहेत."

"बाळाला आहेत," ते म्हणाले, आणि ओला तळहात धोतराला पुसून त्यांनी धुमस पुन्हा उचलली.