चौऱ्याण्णव डेसिबल

वजनकाटे तपासण्यात माझी तीस वर्षं गेली. मोजल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही. मुलाने कारला मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला, तेव्हाही मी आधी तो आवाज मोजला. चौऱ्याण्णव डेसिबल. आकडा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला आणि त्याला बजावलं, "हा धिंगाणा घेऊन दारात यायचं नाही."

त्याने ऐकलं. त्या दिवसापासून तो गल्लीच्या तोंडाशीच इंजिन बंद करायचा आणि उतारावरून गाडी नुसती घरंगळत फाटकापर्यंत आणायचा. कोपऱ्यावर आवाज थांबला की त्याची आई ताट वाढायला घ्यायची. मग फाटकाची कडी वाजायची, तो आत यायचा आणि दारामागच्या खिळ्याला किल्ली अडकवायचा.

तीन महिन्यांपूर्वी साध्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. दवाखान्यातून घड्याळ मिळालं, फोन मिळाला. किल्ली काही मिळाली नाही. त्याच आठवड्यात मी तो सायलेन्सर काढून भंगारात दिला आणि कंपनीचा मूळचा, मुका सायलेन्सर परत बसवून घेतला. वाटलं, आवाज गेला की थोडं सोसेल. आयुष्यात इतकं चुकीचं माप मी कधी घेतलं नव्हतं.

बायकोचं जेवण सुटलं. "अहो, तो आला तर मला कळणार कसं?" एवढंच विचारायची. मग एक दिवस म्हणाली, "दुपारी कडी वाजते." वारा असणार. मी कडीला चिंधी गुंडाळली. दोनदा ती सुटून खाली पडलेली सापडली.

शेवटी मी जादाच्या किल्लीने गाडी काढली. सायलेन्सर बदलल्यापासून ती जागची हलली नव्हती. बॉनेटवर हात टेकला तर कोमट लागलं. ऊन असेल, म्हटलं. पोर्चमध्ये ऊन येत नाही, हे मला ठाऊक होतं.

गॅरेजवाल्याने तीन सायलेन्सर काढून ठेवले. "काका, तुमच्या वयाची माणसं आवाज कमी करायला येतात."

"मला चौऱ्याण्णव हवेत."

तो हसणार होता. माझ्या तोंडाकडे बघून त्याने पाना उचलला.

पहिला नुसता बोंबलणारा, एकशे एक. दुसरा गुळमुळीत, अठ्ठ्याऐंशी. तिसरा लावून त्याने इंजिन सुरू केलं आणि मला मीटर बघायची गरजच उरली नाही. तरी बघितलं. चौऱ्याण्णव. मी तिथल्याच एका टायरवर बसलो आणि रडलो. गॅरेजवाल्याने पाणी आणून दिलं.

परतताना कोपऱ्यावर मी इंजिन बंद केलं नाही. तिला पोटभर ऐकू दे, म्हटलं. थेट फाटकाशी आलो आणि वर दोनदा ॲक्सिलरेटर दाबला.

ती धावत बाहेर आली.

"अहो, हे काय केलंत?"

"तुझ्यासाठीच तर..."

"आत्ता आला होता तो. कोपऱ्यावर बंद करून, नेहमीसारखा. चार घास खाल्ले. तेवढ्यात हा आवाज दारात आला आणि उठलाच. म्हणाला, बाबा चिडलेत."

"गाडी माझ्याकडे होती," मी म्हणालो.

"मागच्या दाराने गेला. थांब म्हटलं, थांबला नाही."

टेबलावर अर्धवट जेवलेलं ताट होतं. तिनेच वाढलं असेल, तिनेच खाल्लं असेल. निदान खाल्लं तरी. मी मागच्या अंगणात गेलो, त्याला हाक मारली, दोनदा. नाही रे चिडलो, असं मोठ्याने म्हणालो. तिथे कुणी नव्हतं.

आत येऊन पुढचं दार लावलं. माझी किल्ली माझ्या मुठीत होती.

दारामागच्या खिळ्याला त्याची किल्ली अडकवलेली होती, आणि अजून हलत होती.