मागचं वजन

नवऱ्याची गाडी आपल्या मापाची करून घ्यायची, एवढंच त्या दुपारी तिच्या मनात होतं. चष्म्याच्या दुकानात ती रोज तेच करायची. एकाच्या नाकावरची फ्रेम दुसऱ्याच्या नाकावर नीट बसत नाही. दांडी जराशी वाकवावी लागते, पॅड आत-बाहेर करावी लागतात. गाडीचं तरी वेगळं काय असणार?

तो जाऊन वर्ष होत आलं होतं. ट्रॅकवरच्या वाईटातल्या वाईट वळणातून धडधाकट परत येणारा माणूस कचेरीत खुर्चीत बसल्या बसल्या गेला. मागे राहिली त्याची मोटरसायकल. रविवारच्या हौशी शर्यतींसाठी त्याने ती स्वतः सोलून काढली होती. दिवे, आरसे आणि मागची सीटही उतरवली. "म्हणजे माझी जागाच काढून टाकलीस की," ती तेव्हा म्हणाली होती. "अगं, शर्यतीत डबलसीट थोडीच नेतात?" असं म्हणून तो पुन्हा नटबोल्टांत डोकं घालून बसला होता.

गाडी विकायला तिचं मन धजेना. नुसती उभी ठेवावी तर रोज जाता-येता काळजात चर्र व्हायचं. मग ती चालवायला शिकली. आधी रिकाम्या मैदानावर, मग सरावाच्या दिवशी ट्रॅकवर, सगळ्यांच्या मागून. नणंदेने फोनवर रडून घेतलं, आईने बोलणं टाकलं. पण वळणात गाडी कलली की छातीतला दगड तेवढ्यापुरता हलायचा, आणि हे कुणाला सांगून पटणारं नव्हतं. पहिल्या शर्यतीत नाव घातलं तेव्हा ती वस्तादांकडे गेली.

वस्ताद म्हणजे त्या ट्रॅकवरच्या निम्म्या गाड्यांचे मेकॅनिक. बोलणं कमी, हात स्वच्छ. नवऱ्याची गाडी त्यांनीच त्याच्या मापाने लावून दिलेली; त्याला ते भाऊ म्हणत.

"बसा वहिनी. पाय वर घ्या, अंग सोडा," ते म्हणाले. त्यांच्या पोऱ्यागत वागणाऱ्या भाच्याने, जो चांगला दोन मुलांचा बाप होता, पुढून हँडल धरलं. वस्तादांनी मागच्या चाकाच्या मध्यापासून सीटच्या टोकापर्यंत टेप लावली. चालवणारा बसल्यावर मागची स्प्रिंग किती दबते ते बघायचं, आणि त्याच्या वजनाप्रमाणे ती कसायची किंवा ढिली करायची. साधं काम.

त्यांनी टेप वाचली. पुन्हा लावली.

"किती वजन तुमचं?"

"बायकांना विचारू नये असं."

"मला नका सांगू. गाडीला सांगा," वस्ताद म्हणाले, पण हसले नाहीत.

तिने सांगितलं. त्यांनी स्प्रिंग कसली. ती बसली. गाडी तशीच खाली गेली. आणखी कसली, पुन्हा तेच. मग त्यांनी भाच्याला बसवलं, स्वतः बसले; दोघांच्या वेळी गाडी जेवढी दबायला हवी तेवढीच दबली. ती बसली की मात्र सीटचं टोक सावकाश, अगदी सराईतपणे, खाली जायचं. स्प्रिंग खोलून झाली, सांधे तपासून झाले. तिला सामानाच्या काट्यावरही उभं केलं. काटाही तिने सांगितलेलंच वजन दाखवत होता.

वस्तादांनी हात पुसायला घेतले.

"तुमचं वजन, आणि भाऊंचं," ते शेवटी म्हणाले. "त्यांचं मला पाठ आहे. दोन्ही मिळून बरोबर एवढी दबते."

बाहेर कोणीतरी इंजिन गरम करत होतं.

त्या रविवारी सरावाला उतरली तेव्हा ती मुद्दाम दुसराच विचार करत होती. सरळ पट्टा संपला, तिने ब्रेक दाबला, आणि पाठीवर भार आला. धक्का नव्हता. मागे बसलेला माणूस ब्रेक लागल्यावर जसा पुढे येऊन टेकतो, तसा. वळण आलं. ती कलणार त्याच्या किंचित आधी तो भार आतल्या बाजूला झुकला. आजवर ती जितकी कलायची त्याहून बराच जास्त. तिच्याही नकळत तीही झुकली, आणि गाडी त्या वळणातून दोरीत ओवल्यासारखी गेली.

परत येऊन तिने हेल्मेट काढलं, मागे वळून पाहिलं. मागच्या सीटच्या जागी प्लास्टिकचं उतरतं शेपूट होतं. त्यावर मांजरसुद्धा बसलं नसतं.

ती घाबरली नाही. याचंच तिला नंतर नवल वाटलं. उलट ती रविवारची वाट बघायला लागली. दुकानात गिऱ्हाईक समोरची अक्षरं वाचत असायचं आणि हिच्या पाठीला ती ऊब आठवायची. ट्रॅकवर गेलं की तो यायचा. बोलायचा नाही, धरायचा नाही, फक्त टेकायचा आणि झुकायचा. एकदा हात मागे नेऊन बघावा, एवढंच तिला वाटायचं. पण त्या वेगात हँडलवरून हात काढता येत नाही, आणि गाडी थांबली की मागे कोणी नसायचं.

"एवढं सुधारलीस कशी गं?" क्लबातल्या एकीने विचारलं. ती नुसती हसली.

शर्यतीच्या सकाळी ट्रॅकशेजारच्या तंबूत वस्ताद पाना घेऊन गाडीपाशी बसून राहिले.

"वहिनी, स्पष्ट विचारतो. एकट्यासाठी लावू का दोघांसाठी?"

"दोघांसाठी."

"नीट ऐका. स्प्रिंग दोघांसाठी कसली आणि ऐन वळणात ते वजन नसलं, तर मागचं चाक जमीन धरणार नाही. गाडी तुम्हाला फेकून देईल."

"असेल ते."

"कशावरून?"

तिने हातमोजे चढवले. "आत्ता कुठे भेटायला लागलाय हो," ती हळूच म्हणाली. वस्तादांनी मान खाली घातली आणि स्प्रिंग कसली.

शेजारच्या तंबूत क्लबातला बेकरीवाला अंगावर कातडी सूट ओढत होता. आडवातिडवा माणूस, सूटची चेन लावताना श्वास रोखून धरायचा. तिच्या नवऱ्याशी त्याची जुनी खुन्नस, आणि तेवढीच दोस्ती. "वहिनी, आज आदर दाखवणार नाही हं," तो ओरडला. "भाऊंना मी कधी पुढे जाऊ दिलं नाही, तुम्हालाही नाही."

"बघू," ती म्हणाली.

शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच वळणात तो भार आला. ती निर्धास्त झाली. एकेक गाडी मागे पडत गेली. तो झुकला की ती झुकायची. कोण कुणाला वळवतंय ते कळेनासं झालं. काही फेऱ्यांनी तिच्या पुढे कोणीच उरलं नाही. रिकामा, काळा, उन्हात चकाकणारा रस्ता तेवढा. हेल्मेटच्या आत ती त्याच्याशी बोलत होती. घरातलंच काहीबाही. गॅलरीतला नळ बदलला म्हणून. आई आता बोलते म्हणून.

शेवटची फेरी लागली.

उतारावरच्या लांब वळणाआधी बेकरीवाल्याची गाडी डाव्या हाताला आली. त्याने ब्रेक उशिरा दाबला, फार उशिरा, आणि तिच्या आतून शिरला. क्षणभर दोघं खांद्याला खांदा लावून होते.

मग तो पुढे गेला.

त्याच क्षणी तिची पाठ गार पडली.

मागचं चाक उचललं गेलं, टणकन आपटलं, आडवं सरकलं. तिने गाडी उभी धरली आणि सरळ गवतात जाऊ दिली. धक्के खात, दात आपटत, पण पडली नाही. कुंपणाच्या अलीकडे गाडी थांबली. इंजिन बंद पडलं.

ती उतरली आणि गाडी ढकलत तंबूकडे निघाली.

तंबूत परतली तेव्हा वस्तादांनी काही न विचारता टेप आणली. ती बसली. गाडी जेमतेम दबली.

"एकाचंच," वस्ताद म्हणाले.

तेवढ्यात बेकरीवाला आपली गाडी ढकलत आला. जिंकल्याचा आनंद तोंडावर होता, पण कपाळाला आठी. "वस्ताद, जरा बघा हो हिला. शेवटच्या वळणात मागून एकदम बसली. टायर ठीक आहे, सगळं ठीक आहे. आणि हे बघा, अजून बसलेलीच आहे."

तो स्वार झाला. वस्तादांनी टेप लावली, आणि आकडा सांगायच्या ऐवजी तिच्याकडे पाहिलं.

ती मागच्या बाजूला उभी होती. बेकरीवाल्याच्या पोटावर ताणून बसलेला तो कातडी सूट दोन्ही कुशींवर चुरगळला होता. डावीकडे चार बोटांचे खळगे, उजवीकडे चार.

तिला त्याने एकदाही धरलं नव्हतं.

"काय झालं वहिनी?" मान वळवून बेकरीवाल्याने विचारलं आणि सहज ॲक्सिलरेटर पिळला. गाडी गुरगुरली. कुशीवरचे खळगे आणखी खोल रुतले.