सोड म्हणेस्तोवर

ही गोष्ट खरी आहे. ज्याच्या बाबतीत घडली तो सखाराम आमच्याकडच्या कीर्तनात बुवांच्या मागे उभा राहून टाळ धरतो. देवळाच्या पायरीवर बसून खोटं बोलणारा तो माणूस नव्हे.

ऑक्टोबर २००४. रत्नागिरीजवळ कुवारबावला त्याचं गॅरेज. रात्र नव्हती की अमावस्या नव्हती. साधा मंगळवार, दुपारचे साडेतीन, आणि अंगाची लाही करणारं ऊन.

सखारामची बायको सगुणा चैत्रात गेली होती. तेव्हापासून तो ब्रेकची कामं घेत नसे.

पण त्या दिवशी नाटे गावचा निलेश आला. बोटीवर नोकरी करणारा तरणा गडी. लाल रंगाची, दोन दारांची जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेऊन. आठ महिने तो समुद्रावर, आणि गाडी खाऱ्या वाऱ्यात शेडमध्ये. आता डॅशबोर्डवर दोन दिवे पेटले होते. एक लाल, ब्रेकचा. दुसरा पिवळा, एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा.

"काका, उद्या पहाटे आईला घेऊन मुंबईला निघायचंय. डोळ्याचं ऑपरेशन आहे तिचं."

"ह्या गाडीतनं? म्हातारी बसेल कशी?"

"ती म्हणते, गाडीत बसवतोस की विहिरीत उतरवतोस!"

सखाराम हसला. मग त्याला मुंबईच्या वाटेवरचा कशेडी घाट आठवला, आणि त्याने दिव्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं. आंधळी म्हातारी त्या घाटात ह्या ब्रेकवर... नाही म्हणवेना.

गाडी एवढी बुटकी, की खाली मांजर शिरेना. म्हणून ती पिटवर घेतली, म्हणजे गॅरेजातल्या त्या लांबट खड्ड्यावर. सखाराम खाली उतरला.

लाल दिव्याचं कारण लगेच सापडलं. मागचा ब्रेक पाईप गंजून पाझरत होता, तेल कमी झालं होतं. पिवळ्याने मात्र दमवलं.

"प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो बघ," तो खालून सांगत होता. "तो चाकाचा कान. चाक किती जोरात फिरतंय ते ऐकतो. एक जरी कान बहिरा झाला, तरी हा दिवा पेटतो."

मीटर लावला. तीन कानांनी सारखे आकडे दाखवले. पुढच्या डाव्याने... काहीच नाही.

वायर जोडते तिथे हिरवं कीट धरलं होतं. घासून पुसून जोडणी केली. चौथा आकडा उमटला. पाईपही नवा घातला.

राहिलं ते नळीत शिरलेली हवा काढायचं.

ह्या कामाला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून ब्रेकचं पेडल मारायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने खाली चाकापाशी निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करायचं. बुडबुडे बाहेर पडले की निपल आवळायचं, आणि मगच वरच्याने पाय उचलायचा. त्याआधी उचलला, तर हवा परत आत.

एकोणीस वर्षं पेडलवर सगुणा बसायची. चपला बाहेर काढून, देवळात शिरावं तशी.

आज निलेश बसला, बूट घालूनच. तेलाची बाटली वरच्या टाकीवर उलटी लावून ठेवली होती.

"दाब... धर!"

पाना फिरला. आणि निलेशने पाय उचलला.

"अरे, सोडलंस काय! मी 'सोड' म्हणेस्तोवर सोडायचं नाही!"

"चुकलं, काका."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. तेवढ्यात मोबाईल वाजल्याचा आवाज आला. निलेश काहीतरी पुटपुटला. वर पंखा खडखडत होता, सखारामला नीट ऐकू आलं नाही.

थोड्या वेळाने त्याने हाक दिली. "हां, दाब..."

पेडल खाली गेलं.

"धर."

ह्या वेळी धरलं. घट्ट. बुडबुडे फसफसत आले, मग स्वच्छ तेल. त्याने निपल आवळलं.

"सोड."

पेडल अलगद वर आलं.

शिकला पोरगा, सखाराम मनाशी म्हणाला.

मागची दोन्ही चाकं झाली. पुढचं डावं झालं. एकदाही चूक नाही. जणू खालच्या हाताला काय हवंय ते वरच्या पायाला आधीच ठाऊक...

मग तो उजव्या चाकाशी आला. पेडलच्या अगदी खाली. पंखा बंद पडला होता, लाईट गेली असावी. सगळं चिडीचूप.

"दाब."

आता आवाज स्पष्ट आला.

बुटाचा नव्हता.

अनवाणी पायाचा होता...

"धर," तो कसाबसा म्हणाला. हात सवयीने चालत राहिले. तेल आलं. निपल आवळलं. आणि समोर, बंपरच्या खालच्या फटीतून त्याला रस्ता दिसला.

रस्त्यावर निलेश होता. रेंज शोधत, कानाला मोबाईल लावून फेऱ्या मारत होता.

पेडल मात्र खालीच होतं.

निलेश वळला. आत आला. गाडीच्या मागून गेलेली त्याची पावलं थबकली.

"काका, ब्रेकलाईट पेटलेत... आत कोण बसलंय?"

सखारामने पाना खाली ठेवला.

निलेशने खिडकीतून आत वाकून पाहिलं. त्याचा आवाज एकदम लहान पोरासारखा झाला.

"काका... आत कोण नाही. पण पेडल खाली आहे."

तेव्हा सखारामला आठवलं. लग्नानंतर सगुणाला हे काम शिकवताना तो किती दरडावून म्हणाला होता! "मी सोड म्हणेस्तोवर सोडायचं नाही. जीव गेला तरी."

ती तुळशीला पाणी घालताना बसली, ती पुन्हा उठलीच नाही. तेव्हा तो ह्याच खड्ड्यात होता. काही बोलायचं राहूनच गेलं.

आमचे बुवा म्हणतात, माणूस शब्दाला बांधलेला असतो. सखारामने वर पाहिलं. वर नुसता गाडीचा गंजका पत्रा. त्याला वाटलं, 'सोड' हा शब्द उच्चारूच नये. बसू दे तिला. संध्याकाळपर्यंत. जन्मभर.

पण निलेशची आई वाट बघत होती.

त्याने पत्र्याला हात टेकवला.

"सगुणा," तो म्हणाला, "दमलीस गो... सोड आता."

पेडल हळूहळू वर आलं. फार हळू. निलेशने ते डोळ्यांनी पाहिलं. मागचे दिवे विझले.

चावी फिरवली. लाल आणि पिवळा दोन्ही पेटले, आणि इंजिन सुरू होताच दोन्ही गेले. निलेश सखारामच्या पाया पडला आणि निघाला. दुसऱ्या दिवशी त्याने घाट सुखरूप उतरल्याचा फोन केला.

सखाराम आता ब्रेकची कामं घेतो. पिटमध्ये उतरतो, वर कोणी बसलेलं नसताना एकदा "दाब" म्हणतो, आणि थांबतो.

काही होत नाही.

गेल्या एकादशीला आरती झाल्यावर त्याने मला गाठलं. "तुम्ही इतकी कीर्तनं ऐकता," तो म्हणाला, "सांगा मला. सुटली ती? की मीच हाकललं तिला?"

मी त्याचा हात धरून बसलो.