पखवाज कुणी फोडला?

“आधी आकाशपाळणा!” डोमा ओरडला.

“आधी कीर्तन!” गोकुळानं त्याचा सदरा मागं ओढला.

“आधी गरम भजी!” खुशालनं निकाल देऊन टाकला. “पोटात काही नसलं तर कीर्तनात झोप येते. माहा अनुभव आहे!”

दिवाळीच्या सुट्टीत गोकुळा आणि तिचा धाकटा भाऊ डोमा नागभीडहून छोट्या गाडीनं चांद्याला मामाकडे आले होते. खुशाल त्यांचा मामेभाऊ. चांद्याची गल्लीन्‌गल्ली आपल्या खिशात असल्यासारखा वागायचा! आणि कार्तिकातलं चांदा म्हणजे काय विचारता! पहाटे काकडआरती, दुपारी कीर्तन, सांजेला जटपुरा दरवाज्याबाहेर मंडईचा बाजार आणि दंडारीचे नाच. त्यातून आज त्रिपुरी पौर्णिमा! विठोबाच्या देवळात आज दीपमाळ उजळायची होती.

काल दामोदरबुवांनी ध्रुवाचं आख्यान लावलं होतं. बुवांच्या चिपळ्या बोलायच्या आणि त्यामागून झिंगूभाऊंचा पखवाज असा घुमायचा, की अंगावर काटा यावा! ध्रुव रानात एकटा निघाला तेव्हा सगळी बायामाणसं डोळे पुसत होती. तो पखवाज आज पुन्हा ऐकायला मिळणार म्हणून गोकुळा सकाळपासून नाचत होती.

पण देवळापाशी पोचतात तो काय! सभामंडपात ही गर्दी! मधोमध पखवाज आडवा पडलेला आणि त्याच्या डाव्या तोंडाला भलंमोठं भगदाड!

“यायनंच फोडला!” देवळाचे व्यवस्थापक पत्रूजी हातातली काठी आपटत गरजले. “रात्री मंडपात दुसरं होतं कोण?”

त्यांची काठी जंगूबाबांकडे वळली होती. जंगूबाबा गडचिरोलीकडच्या रानातल्या गोंड मंडळींचे म्होरके. मार्कंड्याच्या जत्रेत त्यांचा रेला नाच पाहून बुवांनीच त्यांना पौर्णिमेचं बोलावणं दिलं होतं. आठ-दहा बायामाणसं रान तुडवत इतक्या लांबून आली होती आणि मंडपातच झोपली होती.

“भाऊ, आमच्यात ढोलाले देव मानतात,” जंगूबाबा शांतपणे म्हणाले. “त्याले पाय लागला तरी आम्ही पाया पडतो. फोडाले हात कसा उठल? काल सांजेला आम्ही सगळे मंडईत होतो, अंधारात येऊन झोपलो.”

“ते मले सांगू नका! तुमच्याच ढोलाचं कौतुक व्हावं म्हणून केलं हे! कीर्तन संपल्याबरोबर मी स्वतः पखवाज इथी ठेवलेला पाह्यला. धडधाकट होता! ज्यानं फोडला त्याले मी वेशीबाहेर काढीन. जनावर असो का माणूस! दुपारच्या आत मंडप खाली करा. आज नाच-बिच काही होनार नाई!”

बायका मुकाट्यानं गाठोडी बांधू लागल्या. त्यांच्यातल्या सोनीबाईनं केसांत खोवलेली पिसं एकेक काढून ठेवली. ते पाहून गोकुळा खुशालकडे वळली.

“बुवा कुठी आहेत?” तिनं हळूच विचारलं.

“झरपट नदीवर आंघोळीले गेले,” खुशाल म्हणाला. “मग महाकालीचं दर्शन. ते यायच्या आत ही मंडळी वेशीपार झाली असतील!”

गर्दी पांगली तशी गोकुळा पखवाजाजवळ उकिडवी बसली. भगदाडाच्या कडेला तिनं नख लावलं. काहीतरी पांढरट, कडक टवका निघाला.

“कणीक!” ती पुटपुटली. “डोमा, हे पाह्य! वाळलेली कणीक!”

“मग? पखवाजाले कणीक लावतातच,” डोमा म्हणाला. गावच्या भजनात त्यांचे बाबाच मृदंग वाजवायचे. डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा लेप दिल्याशिवाय तो घुमतच नाही, हे डोमालाही ठाऊक होतं.

“लावतात, पण वाजवून झालं की काढतात! घरी ते काम माह्याकडेच आहे. काल कीर्तन सांजेलाच संपलं. मग ही कणीक रातभर इथी काऊन राह्यली?”

“झिंगूभाऊ विसरले असतील!” खुशाल म्हणाला.

“विसरले नाईत, पळाले!” डोमा एकदम उडालाच. “काल मामासोबत दंडार पाहाले गेलो ना, तर झिंगूभाऊ सगळ्यात पुढं बसले होते! कीर्तनाची आरती व्हायच्या आधीच जागा धरली होती म्हणे!”

“शाबास रे पठ्ठ्या!” खुशालनं त्याच्या पाठीत धपाटा घातला. “पण कणकेनं काही चामडं फाटत नाई.”

“कणकेनं नाई. कणीक खाणाऱ्यानं!” गोकुळा खांबामागं वाकली आणि हसू लागली. “चोर पुरावा टाकून गेला बघा!”

खांबामागं काळ्या लेंड्या पडल्या होत्या!

“शेळी!” तिघं एकदमच ओरडले.

“पण कोणाची?” खुशालनं डोकं खाजवलं. “या वॉर्डात घरोघरी शेळ्या आहेत. आणि आपलं ऐकल कोण? पत्रूजी म्हणतील, पोरांनो, भजी खा अन् घरी जा!”

“मग त्यायच्याच डोळ्यांनी दाखवू,” गोकुळा म्हणाली. “तुह्या शिमग्याचा डफ कुठी आहे?”

“माहा डफ? नाई! बिलकुल नाई!”

“खुशालदादा, ती सोनीबाई पिसं काढून बसली आहे.”

खुशालनं एकदा तिकडं पाहिलं आणि पाय आपटत घरी गेला. डफ आला. गिरजामामींच्या परातीतून कणकेचा गोळाही आला. तो डफावर थापून त्यांनी पखवाजाच्याच जागी ठेवला आणि तिघं खांबाआड दबा धरून बसले.

बराच वेळ काही नाही. एक चिमणी आली, गेली. तिकडं जंगूबाबांची माणसं गाठोडी डोक्यावर घेऊन पायऱ्या उतरू लागली. गोकुळानं डोळे गच्च मिटले. विठोबा, लवकर पाठव रे तुझ्या चोराला!

टक्. टक्. टक्.

गळ्यात घुंगरू, कपाळाला गुलाल! एक लठ्ठ शेळी ऐटीत मंडपात शिरली. देवाचा कालचा हार चघळून झाला आणि मग तिला कणकेचा वास लागला. चाटून, चाटून डफ स्वच्छ! काठाला चिकटलेला शेवटचा तुकडा काही सुटेना. शेळीनं मान वाकडी करून मुंडी घासली.

“पत्रूजी! धावा! चोर सापडला! डफ फोडून राह्यला!” डोमानं बोंब ठोकली.

“कुठी आहे? तंगडी तोडतो त्याची!” काठी उगारून पत्रूजी धावत आले. मागोमाग दहा माणसं! आणि सगळ्यांच्या देखत—

फट्ट! शिंग आरपार! डफ मानेत अडकवून शेळी मोठ्या प्रेमानं पत्रूजींकडे धावली.

“अगं मैने!” पत्रूजींची काठी गळून पडली.

“तुमची आहे?” खुशालनं भोळा चेहरा केला. “मग वेशीबाहेर आत्ताच काढायची का, पत्रूजी? जनावर असो का माणूस, म्हणाले होते ना तुम्ही!”

हशा पिकला! तेवढ्यात गर्दीतून झिंगूभाऊ पुढं आले. त्यांची मान खाली होती.

“मैनेले काऊन बोलता? दंडारीच्या नादात मी कणीक काढली नाई. सकाळीच उमगलं होतं मले, पण तोंड उघडलं नाई. दुसऱ्यावर आळ गेला तरी गप्प राह्यलो.”

“आणि पाहुणे कुठं आहेत?” मागून आवाज आला. ओल्या धोतरानं दामोदरबुवा दारात उभे होते. गोकुळा भराभर सगळं सांगू लागली. बुवांनी पुढचं ऐकलंच नाही. तसेच अनवाणी रस्त्यावर धावले! मागं पोरं, त्यामागं झिंगूभाऊ आणि सगळ्यात मागं धापा टाकणारे पत्रूजी!

जटपुरा दरवाज्यात त्यांनी मंडळींना गाठलं. पत्रूजींनी जंगूबाबांपुढं हात जोडले.

“बाबा, माह्या जिभेनं तुमचा अपमान केला. वापस चला.”

जंगूबाबांनी सोनीबाईकडे पाहिलं. तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि त्यातली पिसं काढून पुन्हा केसांत खोवली. तेच उत्तर!

दुपारी कीर्तन झालं. पखवाजाऐवजी जंगूबाबांचा मोठा ढोल! झिंगूभाऊंनी त्यांच्या शेजारी बसून टाळ धरला. पहिल्या अभंगाला ताल जरा अडखळला, दुसऱ्याला जुळला आणि तिसऱ्याला अख्खा मंडप डोलू लागला. मध्येच बुवांनी चिपळ्या थांबवल्या.

“मंडळी, आम्ही देव दाखवतो म्हणतो, पण समोरचं साधं खरं आम्हांला दिसत नाही. ते या लेकरांनी शोधलं. कारण त्यांनी आधी माणसावर विश्वास ठेवला, मग चोर धुंडाळला!” त्यांनी तिघांच्या कपाळी स्वतःच्या हातानं बुक्का लावला. गिरजामामींनी पदरानं डोळे टिपले, आणि पत्रूजींनी खुशालला नवा डफ कबूल केला.

संध्याकाळी दीपमाळ उजळली. तिच्याभोवती हातात हात गुंफून रेला सुरू झाला. गोकुळानं सोनीबाईचा हात धरला, डोमाही घुसला. शहरातल्या बाया आधी दुरून पाहत होत्या, मग हसत हसत एकेक करून आत आल्या. बुवा कडेला उभे राहून ठेका धरत होते.

“जंगूबाबा,” त्यांनी लाजत विचारलं, “मला जमेल का हो हे?”

जंगूबाबांनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“पाय आहेत ना, बुवा? मग या!”