गोड बातमीचं कुंड

हिरण्य संकुलाच्या सातव्या मजल्यावरचं काचेचं दार सरकलं आणि डॉ. उत्तरा धोपेश्वरकरांच्या नाकात आधी गुलाबाचा वास शिरला, मागोमाग माणसांचा. चाळीस अंशांच्या पाण्यात सकाळपासून शिजत असलेल्या माणसांचा. वरून अत्तर ओतून तो झाकायचा प्रयत्न केला होता, त्यामुळे तो आणखीच ओशट झाला होता. उत्तराबाईंनी पदर नाकाला लावला आणि बरं दिसत नाही म्हणून लगेच खाली घेतला.

"या मॅडम, या!" कौस्तुभ राजवाडे लगबगीने पुढे आला. संकुलातली सगळी यंत्रं त्याच्या हाताखाली होती. अभियंता झाल्यावर हौसेने तो उत्तराबाईंच्या गर्भशास्त्राच्या व्याख्यानांना बसत असे. हुशार मुलगा, पण पूर्ण ऐकून न घेता उठून जाणारा. आजही त्याच्या चेहऱ्यावर तोच उतावळेपणा होता.

समोर भलंमोठं तप्तकुंड होतं. पुण्याच्या पश्चिमेला हल्ली अशी संकुलं रांगेने उभी राहिली होती. प्रत्येकाच्या तळघरात एक विदाकेंद्र, म्हणजे डेटा सेंटर. तिथली गणकयंत्रं रात्रंदिवस तापत आणि ती उष्णता कुठेतरी टाकावी लागे. पूर्वी ती हवेत सोडत. मग कोणा शहाण्याच्या डोक्यात आलं, की हवेत कशाला, माणसांत सोडू. यंत्रांच्या अंगातून निघालेल्या त्या उष्णतेत लोक चक्क वर्गणी भरून बसू लागले आणि त्याला आरोग्य म्हणू लागले.

कुंडाला कमळाच्या पाकळ्यांसारखे कप्पे होते. प्रत्येक कप्प्यात एक बाई गळ्यापर्यंत बुडालेली, चेहरा लालबुंद, डोळे अर्धे मिटलेले. पाणी मात्र सगळ्यांचं एकच, गाळून गाळून फिरवलेलं. काठाशी पांढरट फेसाची रेघ साचली होती. तिच्यात कोणाची तरी टिकली अडकली होती आणि शेजारी केसांचं गुंतवळ सावकाश गोल फिरत होतं. 

"तुम्हाला फक्त सही करायची आहे," कौस्तुभ म्हणाला. "गरोदर स्त्रियांसाठी हे कुंड सुरक्षित आहे, एवढंच. संचालक म्हणतात, तुमचं नाव असलं की कोणी प्रश्न विचारणार नाही."

"म्हणजे मीही विचारायचे नाहीत?"

कौस्तुभ ओशाळला. "तसं नाही मॅडम. विचारा ना."

"मग मला कळत नाही असं समजून सांग. गरम पाण्यात बिघडतं काय?"

कौस्तुभला परीक्षा द्यायला आवडत असे. "एरवी अंग तापलं की घाम येतो. तो वाळताना उष्णता घेऊन जातो. पाण्यात बुडालेल्या बाईला घाम येतो, पण तो वाळणार कुठे? उलट बाहेरची उष्णताच आत शिरते. थोड्या वेळात पोटातलं तापमान एकोणचाळीसच्या वर जातं, म्हणजे सणसणीत तापच. आईला गरगरतं, ती उठून बाहेर येते. गर्भाला उठून जाता येत नाही. त्याची उष्णता काढून घेणार ते आईचं रक्त, आणि तेच तापलेलं असतं."

"छान. मग तू काय केलंस?"

"आधी दारावर पाटी लावली. गरोदर स्त्रियांनी पाण्यात उतरू नये." तो हसला. "कोणी मानलीच नाही. आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत कोणी सांगतं का? शेजारच्या कप्प्यात सासू, पलीकडे खालच्या मजल्यावरच्या काकू. पाण्यात उतरली नाही, की लगेच सगळ्यांना कळणार. म्हणून मुली मुकाट्याने उतरायच्या. मग मी स्पंदवेधी बनवला. कोणाला विचारायलाच नको."

त्याने प्रत्येक कप्प्याच्या तळाशी बसवलेली चकती दाखवली. ती पाण्यातून ध्वनिलहरी सोडत असे आणि बाईच्या हृदयाच्या ठोक्यांखाली दुसरं एखादं इवलं हृदय धडधडतंय का, ते ऐकत असे. नसेल तर डोक्यावरचा दिवा हिरवा आणि पाणी चाळीस अंशांवर. असेल तर दिवा गुलाबी, आणि तेवढ्या कप्प्यात गार झोत सुटून पाणी लगेच निवत पस्तीसवर.

"एकही चूक नाही," कौस्तुभ म्हणाला. "ज्या हृदयाचा ठोका सुरू आहे, ते या यंत्राच्या कानातून सुटलेलं नाही."

यंत्र खरोखर सुरेख होतं. उत्तराबाईंनी चकती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. तेवढ्यात त्यांची नजर भिंतीवरच्या चकचकीत जाहिरातीकडे गेली. एक गुटगुटीत बाळ कमळात बसलं होतं आणि खाली लिहिलं होतं: 'गोड बातमी आता दिवाच देणार! दिव्याने बातमी दिली तर बारशापर्यंत कुंड मोफत.'

"हे काय?"

"ते विक्रीवाल्यांचं," कौस्तुभ मान खाली घालून म्हणाला. "दिवा गुलाबी झाला की सनई वाजते. पेढे वाटतात. लोकांना आवडतं ते."

उत्तराबाईंच्या कपाळावर आठी पडली. बाईच्या पोटातली गोष्ट, तिने कधी कोणाला सांगायची ते तिने ठरवायचं. इथे लोक ती दहा जणींच्या अंघोळीच्या पाण्यात सनई लावून जाहीर करत होते. त्यांना अगदी किळस आली. पण किळस म्हणजे शास्त्र नव्हे. सही नाकारायला कारण हवं होतं, आणि ते त्यांना हळूहळू दिसायला लागलं होतं.

काचेवर वाफ साचली होती. उत्तराबाईंनी बोटाने तिच्यावर एक आडवी रेघ ओढली.

"ही गर्भधारणा," त्यांनी डाव्या टोकाला ठिपका दिला. "सुरुवातीला गर्भ म्हणजे एक चपटी चकती. तिच्या कडा वर उचलतात, वळतात, एकमेकींना भेटतात आणि त्यांची नळी होते. वरच्या टोकाचा मेंदू होतो, खालचा पाठीचा मज्जारज्जू. चौथा आठवडा संपेपर्यंत ही मज्जानळी मिटलेली असते. मिटत असताना आईच्या पोटात ताप असला, तर ती कधीकधी उघडीच राहते. वर उघडी राहिली तर मूल जगत नाही. खाली राहिली तर जगतं, पण पाय पांगळे. उष्णतेचा सगळ्यात मोठा धोका इथे आहे, कौस्तुभ. सातव्या महिन्यात नाही."

"मला माहीत आहे, मॅडम."

"आता तुझ्या यंत्राला ठोका ऐकू येतो तो या रेघेवर कुठे, ते दाखव."

कौस्तुभने बोट पुढे केलं. हृदय धडधडू लागतं ती जागा त्याला ठाऊक होती, नळी मिटायच्या जरासं आधी. पण तो पहिला ठोका म्हणजे नुसती थरथर, पाण्यातून ती ऐकू येणं शक्य नव्हतं. ती ऐकू येण्याइतकी जोरकस व्हायला आणखी आठवडा तरी हवा. त्याचं बोट रेघेवरून उजवीकडे सरकत गेलं, नळी मिटल्याची खूण ओलांडून पलीकडे गेलं आणि तिथे थांबलं.



"म्हणजे तुझा दिवा गुलाबी होतो," उत्तराबाई म्हणाल्या, "तो सगळ्यात मोठा धोका टळून गेल्यावर. ज्या गर्भाला गार पाणी हवं होतं, त्याला तू चाळीस अंशांत ठेवतोस. ज्याची नळी मिटून गेली, त्याच्यासाठी धावपळ करून पाणी निववतोस. गुलाबी दिव्यात चूक नाही, मला मान्य आहे. हिरवा दिवा म्हणजे काय?"

"गर्भ नाही."

"नाही रे बाबा. हिरवा म्हणजे ऐकू आलं नाही, एवढंच."

कौस्तुभने काचेवरची रेघ हाताने पुसली. "पण मॅडम, त्या आठवड्यांत तशीही कोणाला कल्पना नसते. पाळी चुकते न चुकते तोवर अर्धा वेळ गेलेला असतो. यंत्र नसतं तरी त्या पाण्यात उतरल्याच असत्या. मी निदान पुढचं तरी वाचवतो. शिवाय नेमक्या त्याच दिवसांतल्या बायका इथे येतील अशा कितीशा? एखादीच."

हा मुद्दा बिनतोड वाटत होता.  उत्तराबाई काठाशी आल्या. जवळच्या कप्प्यात एक तिशीतली मुलगी बसली होती, केस वर बांधलेले, ओठ सुकलेले. काठावर पाय सोडून बसलेली एक वयस्कर बाई तिला ताकाचा पेला देत होती.

"ही माझी आई, माई," कौस्तुभ म्हणाला. "आणि ही शलाका, माझी बायको."

"नमस्कार डॉक्टरीणबाई," माई म्हणाल्या. "तुमच्या विद्यार्थ्याने केलेला दिवा बघितलात ना? देवाने जशी बुद्धी दिली तसं आता फळही द्यावं. लग्नाला सहा वर्षं झाली. हिला रोज घेऊन येते मी."

"रोज? कशाला?"

"म्हणजे काय? दिव्यासाठी!" माईंना त्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "या सगळ्या त्यासाठीच बसल्यात. ही कर्व्यांची सून, ही सातारकरांची मुलगी, माहेरी आली आहे. ज्यांना नको आहे त्या कशाला येतील इतक्या गरम पाण्यात तासन्‌तास?"

उत्तराबाईंनी कुंडावरून नजर फिरवली. दहा कप्पे, दहा हिरवे दिवे आणि दहा तरुण बायका, सगळ्या मूल व्हावं म्हणून आलेल्या. कौस्तुभ म्हणत होता ती 'एखादीच' बाई इथे अपघाताने येणार नव्हती. जिला नुकते दिवस गेले असण्याचा सगळ्यात जास्त संभव, तिलाच वेचून, सनईचं आमिष दाखवून, सासूच्या देखरेखीखाली रोज उकळत्या पाण्यात आणून बसवण्याची ही व्यवस्था होती. मुद्दाम आखूनही कोणाला याहून नेमकी जमली नसती. 

"शलाका, पाळी कधी आली होती?" त्यांनी खाली वाकून हळूच विचारलं.

शलाकाने आधी सासूकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "चुकली आहे. बरेच दिवस झाले."

"मग चाचणी नाही केलीस? घरी ती पट्टी मिळते ना?"

"मागे दोनदा पट्टीवर गोड बातमी आली आणि थोड्या दिवसांत गेली. माई म्हणाल्या, आता पट्टी नको, दिवाच सांगेल. दिवा कधी खोटं बोलत नाही." ती कसनुसं हसली. "आणि दिवा हिरवाच आहे. म्हणून मी आता सकाळ-संध्याकाळ बसते. जरा जास्त वेळ. गरगरतं, पण माई ताक देतात."

"बाहेर ये," उत्तराबाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

शलाका गोंधळली. तिने उठायला काठ धरला. तेवढ्यात तिच्या डोक्यावरचा दिवा लुकलुकला आणि गुलाबी झाला.

छतातून सनई सुरू झाली. बायका किंचाळल्या, टाळ्या वाजवू लागल्या, पाणी काठावरून उसळलं आणि उत्तराबाईंच्या पायांवर आलं, कोमट, बुळबुळीत. गणवेशातली एक मुलगी पेढ्यांचं तबक घेऊन धावत आली. जणू ती दाराआड तयारच उभी होती. माई रडत होत्या, हसत होत्या. त्यांनी ओल्या हाताने उत्तराबाईंच्या तोंडात पेढा कोंबला. त्याला गुलाबाचा आणि कुंडातल्या पाण्याचा वास येत होता. उत्तराबाईंनी तो गिळला नाही, रुमालात काढून टाकला. माईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

कौस्तुभ मात्र जागचा हलला नव्हता. दिव्याकडे बघायचं धाडस त्याला होत नव्हतं.

"मॅडम," तो कसाबसा म्हणाला. "धोका किती?"

"बहुतेक मुलं धडधाकट जन्मतात," उत्तराबाई म्हणाल्या. त्यांना खोटं बोलायचं नव्हतं आणि त्याला खचवायचंही नव्हतं. "पण नेहमीपेक्षा धोका दुपटीने तरी वाढतो. काही आठवड्यांनी सोनोग्राफीत दिसेल. तोवर काही सांगता येत नाही. तू सांगतोस तिला, की मी सांगू?"

 कौस्तुभ भिंतीकडे गेला आणि सनईचं बटण शोधू लागला. आपणच बसवलेलं बटण त्याला सापडेना.

शलाका काठाला टेकून उभी होती. चेहऱ्यावरची लाली उतरत होती. पाणी निवताना तिच्या दंडावर काटा आला होता.

"डॉक्टर, तुम्ही बाहेर ये म्हणालात. पण आता तर पाणी गार झालंय. आता बसलं तर चालतं ना?"

"आता चालतं," उत्तराबाई म्हणाल्या.

शलाकाने त्यांच्याकडे पाहिलं. मग भिंतीशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"आणि कालपर्यंत?"

उत्तराबाई साडीची पर्वा न करता त्या बुळबुळीत काठावर बसल्या आणि सनईच्या वर आवाज चढवून त्यांनी तिला सगळं सांगितलं, रेघ, ठिपका, नळी, काही न गाळता.  ऐकून झाल्यावर शलाका दोन्ही हात पोटाशी घट्ट धरून धडपडत पाण्याबाहेर आली, माईंनी पुढे केलेला पेढा चुकवून भिंतीपर्यंत गेली आणि फरशीवर ओकली. तिच्या कप्प्यातलं पाणी तेव्हा पस्तीस अंशांवर स्थिर झालं होतं.