खारं पाणी वाळताना

ताईला भाऊजींच्या चष्म्याची डबी हवी होती, एवढंच काम. जळक्या घरात मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट वाचलं होतं, त्यात ती असेल असं तिला वाटत होतं. म्हणून तिचा धाकटा भाऊ दुपारी जेवून निघाला. तीस वर्षं गाड्या दुरुस्त करण्यात गेल्यामुळे सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. गाडीच्या बाबतीत घरात त्याचा शब्द शेवटचा, आणि तेच नडलं.

समुद्र वस्तीत घुसला त्या दिवशी भाऊजींची विजेवर चालणारी गाडी खिडक्यांपर्यंत बुडाली होती. गाडी घरापासून लांब, उघड्यावर ठेवा, असा कंपनीचा निरोप आला. मिस्त्री हसला होता. "पेट्रोलचा थेंब नाही हिच्यात. पेटणार काय, तुमचं डोकं?" त्याने स्वतः पाइप धरून ती गोड्या पाण्याने लख्ख धुतली आणि ढकलत नेऊन निजायच्या खोलीखालच्या गॅरेजात लावली. आपल्या हातांनी लावली.

दहाव्या दिवशी सकाळी भाऊजींचा फोन आला.

"गाडीतून टकटक होतेय रे. गोडसर वासही येतोय कसलातरी."

"काही नाही भाऊजी. वाळतंय ते."

"तू म्हणतोस म्हणजे ठीकच," म्हणून भाऊजींनी फोन ठेवला आणि दुपारी वर जाऊन आडवे झाले. गॅरेजातल्या गाडीने पेट घेतला तेव्हा ते झोपेतच गेले. ताई शेजारी गेली होती म्हणून वाचली. खारं पाणी बॅटरीत शिरून दहा दिवस तिला आतून खात होतं, हे आग विझवायला आलेल्या माणसाने नंतर समजावून सांगितलं. त्या फोनबद्दल मात्र मिस्त्रीने अजून चकार शब्द काढला नव्हता. ताईच्या समोर बसून घास गिळताना रोज त्याला स्वतःची लाज वाटायची.

डबी कपाटात मिळाली. ती खिशात टाकून तो गॅरेजातून बाहेर पडत होता, तेवढ्यात मागे आवाज झाला. टक... टक...

गाडीचा सांगाडा केव्हाच उचलून नेला होता. काजळीने काळ्या पडलेल्या फरशीवर, जिथे चार चाकं टेकली होती तिथे चार ओले डाग होते. त्याने वाकून बोट लावलं, जिभेवर ठेवलं. खारट.

"चुकलो मी, भाऊजी..." तो पुटपुटला. "आज सांगतो ताईला. सगळं सांगतो."

टकटक थांबली.

तो राहायचा स्वतःच्या गॅरेजाच्या वरच. आगीनंतर त्याने ताईला तिथेच आणलं होतं आणि एकही गाडी कामाला घेतली नव्हती. खाली शटरला कुलूप होतं. ताईने डबी उघडली, चष्म्याच्या काचा बोटाने पुसल्या आणि मान वर केली.

"खाली कुणाची गाडी आलीय का रे? मघापासून टकटक होतेय. आणि हा गोडसर वास..."

सांगायचं ते सगळं मिस्त्रीच्या ओठांवर होतं. पण तीस वर्षांच्या सवयीने तोंडातून भलतंच गेलं. "काही नाही ताई. वाळतंय काहीतरी."

ताईने मान हलवली आणि चष्मा उशाशी ठेवून ती आडवी झाली.

तो धडपडत खाली उतरला, कुलूप काढलं, शटर वर ढकललं. गॅरेज रिकामं होतं. मधोमध चार ओले डाग होते आणि वासाने डोकं भणभणत होतं.

"ताई..." त्याने वर हाक मारली. "ताई, खाली ये... आत्ता."

वरून तिचा झोपाळू आवाज आला. "कशाला रे? वाळतंयच ना ते? तू म्हणतोस म्हणजे ठीकच."

भाऊजींचं हे फोनवरचं वाक्य त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. तो जिन्याकडे धावला. मघाशी कोरड्या असलेल्या पायऱ्यांवर ओली पावलं होती, वर गेलेली.