हाताची शेवटची खबर

भूल देणाऱ्याचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. पेशंट आभार मानतात ते सर्जनचे. इस्पितळातल्या भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळे झोपकाका म्हणत. तोंडावर नाही, पण पाठ वळली की लगेच. काकांना ते ठाऊक होतं आणि त्यांची हरकत नव्हती. घरी हाक मारायला कुणी नसलं की टोपणनावही गोड लागतं. बायको जाऊन दुसरा हिवाळा सरत आला होता.

त्या वर्षी इस्पितळात एका नव्या औषधाची चाचणी चालली होती. काखेत एक सुई दिली की खांद्यापासून बोटांपर्यंत हात बधिर. पेशंट टक्क जागा, गप्पा मारतोय, आणि पडद्यापलीकडे त्याच्या मनगटावर सुरी चालतेय. दिवस कलेपर्यंत दुखणं फिरकतसुद्धा नसे. काकांनी सुई द्यायची आणि नंतर खाटेपाशी बसून विचारायचं, कसं वाटलं?

बहुतेकांना हात हवेत उचलून धरल्यासारखा वाटे. त्यात नवल नव्हतं. नस बधिर झाली की मेंदूला हाताची नवी खबर मिळत नाही, मग तो शेवटचीच खबर उराशी धरून बसतो. सुई देताना हात वर असतो, म्हणून तो वरच वाटत राहतो. काका हे वर्षानुवर्षं शिकवत आले होते.

मग एक सुतार आला, करवतीने बोट कापलेला.

"काही म्हणजे काही कळलं नाही बघा," तो नंतर म्हणाला. "त्या बाईंना तेवढा नमस्कार सांगा."

"कोणत्या बाई?"

"हात धरून बसल्या होत्या ना, त्या. फार गार हात हो त्यांचा."

त्या दिवशी थिएटरात सगळे पुरुषच होते. शिवाय पडद्यापलीकडे बसून हात धरायला कुणाला जागाच नसते. घाबरलेला माणूस काहीही बोलतो, असं म्हणून काकांनी ते सोडून दिलं.

पुढच्या आठवड्यात एक शिक्षिका तेच म्हणाली. "माझ्या अंगठ्याच्या नखाभोवती आपला अंगठा फिरवत होत्या. गोल गोल. आधी वैताग आला, मग बरं वाटायला लागलं."

काकांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. ती खोड त्यांच्या बायकोची होती. टीव्हीपुढे बसली की ती त्यांचा उजवा हात ओढून घ्यायची आणि नखाभोवती अंगठा फिरवत राहायची. हात तिचे बारा महिने गार.

"अगं, नख झिजेल," ते करवादायचे.

"झिजू दे. नख परत येतं."

त्या संध्याकाळी काका सोफ्यावर उजवा हात मोकळा टाकून बसले. टीव्ही लावलाच नाही. भुताखेतांवर त्यांचा कधी विश्वास नव्हता, आताही नव्हता. त्यांना राग मात्र आला. संसार केला माझ्याबरोबर, आणि हात धरतेस कुणा सुताराचा? मग रागही ओसरला आणि फार एकटं वाटलं.

त्यांचं स्वतःचं मनगट वर्षभर दुखत होतं. नस दाबली गेली होती. सर्जन हात धुऊन मागे लागला होता, काका चालढकल करत होते. दुसऱ्या दिवशी ते आपणहून म्हणाले, "कर बाबा एकदाचं. फक्त औषध नवं हवं."

सुई दिली धाकट्या डॉक्टरणीने. ती त्यांचीच विद्यार्थिनी.

"सर, घाबरलात?"

"मी? छे."

"मग नाडी का एवढी पळतेय?"

पडदा लागला. हात वर उचलल्यासारखा वाटू लागला, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. पलीकडे सर्जन काहीतरी गुणगुणत होता. काका सगळा जीव त्या हवेतल्या हातात गोळा करून वाट बघत राहिले. कुणी आलं नाही. टाके पडले, पट्टी बांधली, पडदा निघाला. काकांचे डोळे भरून आले. सर्जनला वाटलं, सुटका झाल्याचा आनंद आहे.

त्यांना बाहेरच्या खोलीत खाटेवर आणलं. हात उशीवर पडला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. बोटांचा रंग बघायला धाकटी वाकली आणि तशीच थांबली.

"सर, अंगठा हलवताय?"

"कसा हलवणार? लाकूड झालंय त्याचं."

"मग हे काय?"

काकांनी मान वळवली.

नखाच्या कडेची कातडी पांढरी पडत होती, बोटाने दाबल्यावर पडते तशी. पांढरा डाग सावकाश पुढे सरकत होता, मागे गुलाबी रंग परतत होता. एक फेरी. मग दुसरी.

अंगठा हलत नव्हता.

"रक्ताभिसरणाचं काहीतरी असेल," धाकटी म्हणाली.

काकांना काहीच कळत नव्हतं. गारवा नाही, स्पर्श नाही. आणि ही बधिरता लवकर उतरवायचा उपाय त्यांच्यापाशी नव्हता.

"थांब गं," ते नखाकडे बघत म्हणाले. "थोडं थांब. उतरेल आता."

धाकटीला वाटलं, आपल्यालाच म्हणताहेत. ती थांबली.

ऊन भिंतीवर चढत गेलं. गाडीच्या दारात हात चेमटलेल्या एका ड्रायव्हरला शेजारच्या पडद्याआड आणलं. धाकटी त्याला सुई देऊन परत आली.

काकांच्या बोटांना मुंग्या आल्या. मग ऊब. मग मनगटात कळ उठली, खरीखुरी, आणि काकांना हसू फुटलं.

"आता कळेल," ते पुटपुटले.

पांढरा डाग नखाच्या टोकाशी आला. थांबला. गुलाबी झाला.

काकांनी अंगठा हलवला. हलला. सगळं कळत होतं. उशीची शिवण. पट्टीचा काच. खिडकीतली झुळूक.

धाकटी त्यांच्या उशाशी उभी होती, दोन्ही हात एप्रनच्या खिशात घालून.

"ताई," पडद्याआडून ड्रायव्हर म्हणाला, "किती गार हो तुमचा हात."